दम्यात ‘खोल श्वास घ्या’ नको, ‘सावकाश सोडा’ म्हणा

‘घाबरायला झालं की खोल श्वास घ्या’ असा सल्ला अनेकदा दिला जातो. दमा असेल तर तो उलटू शकतो. अरुंद झालेल्या श्वासनळ्यांमुळे हवा नीट बाहेर पडत नाही. त्यावर आणखी मोठा श्वास ओढला की छाती अधिकच भरल्यासारखी होते. शिवाय भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मग बोटांना, ओठांभोवती मुंग्या, चक्कर, आणि घबराट दुप्पट.

त्याऐवजी पुढे झुकून बसा, कोपरं मांडीवर, खांदे सैल. नाकाने नेहमीएवढाच श्वास, मनात दोन मोजत. मग शिट्टीसारखे ओठ करून चार मोजत सोडा. पोट आवळून हवा ढकलू नका, त्याने नळ्या आणखी दबतात. (बहुतेकांचं इथेच चुकतं.) सराव बरं वाटत असताना, रोज पाच मिनिटं दोनदा, ऐनवेळी शिकून जमत नाही.

घरघर असेल किंवा पीक फ्लो (छोट्या मीटरमध्ये जोरात फुंकून मोजलेला श्वासाचा वेग) नेहमीपेक्षा घसरला असेल, तर आधी डॉक्टरांनी दिलेला सल्बुटामॉलचा (श्वासनळ्या पटकन मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून), श्वासाचा हा व्यायाम नंतर. वाक्य पुरं बोलता येत नसेल तर पंप घेत थेट रुग्णालय गाठा. कपालभाती, भस्त्रिका त्या वेळी अजिबात नको.