मदत हवी आहे: कांदा चाळीतले तापमान सेन्सर ११० मीटरवरून धड वाचता येत नाहीत

नमस्कार मंडळी. घरापासून चाळ ११० मीटरवर आहे. उन्हाळी कांदा भरताना सहा डीएस१८बी२० सेन्सर थरांत पुरलेत, कारण आतली ऊब वरून हात लावून कळत नाही. सेन्सर वाचणारा ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घरात आहे, मधे कॅट-६ (नेटवर्कची) केबल. टेबलावर दोन मीटर वायरवर सगळं चोख चालायचं. आता मधूनच ८५ अंश दिसतात, नाहीतर उणे १२७. ८५ म्हणजे सेन्सर नुकताच चालू झाल्यावरचा आकडा, उणे १२७ म्हणजे सेन्सरकडून उत्तरच नाही, एवढं मला माहीत आहे.

आधी व्होल्टेज पडत असेल असं वाटलं. पण चाळीच्या टोकाला ३.१ व्होल्ट मिळतात आणि सेन्सरला ३ पुरतात. अगदी काठावर आहे, पण सगळा दोष तिथे नसावा. माझा संशय केबलच्या कपॅसिटन्सवर (तारांमध्ये विद्युतभार साठण्यावर) आहे. मीटरला साधारण ५० पिकोफॅरड धरले, तर ४.७ किलोओहमच्या पुलअपने (डेटा लाइन वर ओढणाऱ्या रेझिस्टरने) लाइन वर यायला २५ मायक्रोसेकंद जातात, आणि वाचायला मिळतात जेमतेम १५. पुलअप २.२ केला, तेव्हा बराच फरक पडला, पण भरवसा नाही.

म्हणून ईएसपी३२ चाळीतच नेऊन केबलवरून आरएस-४८५ (लांब तारेवर डेटा पाठवायची पद्धत) चालवावं म्हणतोय. दुसऱ्या जोडीतून १२ व्होल्ट पाठवून तिथे बक कन्व्हर्टरने उतरवायचे. ९६०० बॉडच्या (डेटाच्या) वेगाला दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर लागतीलच का? आणि मुख्य काळजी वळवाच्या विजांची: आरएस-४८५चं आयसोलेटेड मॉड्यूल (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारं) पुरेल, की सर्ज अरेस्टर आणि अर्थिंगही हवं? शेतात अशी लांब केबल टाकलेल्यांनी कृपया सांगा, माल आत आहे.