'फुकट', 'हौस' आणि 'अपेक्षा': मुक्त स्रोताच्या मराठीत अडलेले शब्द

एका मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आज्ञावलीच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, मराठी भाषांतराचं काम मी काही वर्षं करते आहे. 'जतन करा', 'रद्द करा', 'पूर्ववत करा' हे शब्द आता आपोआप येतात. या वेळी मात्र माहितीपानावरच्या दोन साध्या वाक्यांनी माझ्या चार संध्याकाळी घेतल्या. आशय एवढाच आहे: ही आज्ञावली काही माणसं आपल्या मोकळ्या वेळात सांभाळतात, उत्तर मिळायला वेळ लागू शकतो, तेव्हा अपेक्षा त्या बेताने ठेवाव्यात.

माझा पहिला मसुदा असा होता: 'ही आज्ञावली स्वयंसेवकांकडून विनामूल्य पुरवली जाते. कृपया वाजवी अपेक्षा ठेवा.' व्याकरणात खोट नाही. पण 'पुरवली जाते' म्हटलं की पुरवठादार आला, आणि त्याच्यामागून ग्राहक आलाच. या नात्यात ग्राहक कुणीच नाही, हेच तर सांगायचं आहे.

'फुकट' हा शब्द मी टाळला, पण लोकांच्या तोंडी तोच आहे. खरं तर मराठीत घोळ व्हायचं कारण नाही. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात मोकळं आणि मोफत असे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू हा मुक्त आज्ञावलींचा प्रकल्प जाहीर केला. पुढे त्यांना सतत समजावत राहावं लागलं, की हे स्वातंत्र्य वापरण्याचं, आतली रचना पाहण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं आहे, किमतीशी त्याचा संबंध नाही. १९९८ साली क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' ही संज्ञा सुचवली, त्यामागे हा घोळ टाळणं हेही एक कारण होतं. आपल्याकडे 'मुक्त' वेगळा आणि 'फुकट' वेगळा, तरी बोलताना 'ते फुकटचं सॉफ्टवेअर' असंच म्हटलं जातं. शिवाय 'फुकट'ला दुसरा अर्थ आहे: 'मेहनत फुकट गेली'. घेणारा पहिल्या अर्थाने बोलतो, करणाऱ्याला दुसराच ऐकू येतो.

हे सुचायला एक निमित्त झालं. मागे एका वापरकर्त्याचा निरोप आला होता: 'दोन महिने झाले, अजून मेनूत मुद्रन असंच दिसतंय. जमत नसेल तर हाती घेता कशाला?' चूक माझीच होती. 'मुद्रण'मधल्या 'ण'च्या जागी 'न' पडला होता. दुरुस्तीला अर्धं मिनिट लागलं. पण 'हाती घेता कशाला' या तीन शब्दांपाशी मी बराच वेळ बसून होते, कारण प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे त्याला 'हौस म्हणून' याखेरीज उत्तर नव्हतं. ते लिहून पाठवावंसं वाटेना. 'हौस' लिहिलं की काम हलकं ठरतं, असं का वाटावं?

तर विचारायचं आहे ते असं: 'स्वयंसेवक', 'मेंटेनर' (आज्ञावली सांभाळणारा) आणि 'अपेक्षा' यांना या वाक्यांत काय योजावं?

(जाता जाता: 'स्रोत' असंच लिहा. 'स्त्रोत' नव्हे, त्यातल्या जोडाक्षरात 'त' नाही.)

प्रतिसाद

'अपेक्षा'पासून सुरुवात करतो, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे.

मूळ धातू 'ईक्ष्', म्हणजे पाहणे. 'अप' लागला की अपेक्षा, 'उप' लागला की उपेक्षा, 'प्रति'ने प्रतीक्षा, 'परि'ने परीक्षा, 'सम्'ने समीक्षा. तुमच्या क्षेत्रातलं सगळं नाटक या एका कुटुंबात मावतं. वापरणारा अपेक्षा ठेवतो आणि प्रतीक्षा करतो. सांभाळणारा आलेल्या प्रत्येक बदलाची समीक्षा करतो, आणि सगळं सुरळीत चाललं तर त्याच्या वाट्याला उपेक्षा येते, कारण न बिघडणाऱ्या वस्तूकडे कुणी पाहत नाही.

मराठीतलं तुलनेचं 'पेक्षा' हे अव्ययही 'अपेक्षा'चंच झिजलेलं रूप आहे. 'याच्यापेक्षा ते बरं' म्हणताना आपण हाच शब्द वापरत असतो. मला ही जोडी फार बोलकी वाटते, कारण अपेक्षेच्या पोटात तुलना असतेच. तीन माणसांनी रात्री जागून केलेल्या वस्तूची तुलना शेकडो पगारी माणसांच्या वस्तूशी होते, आणि मग अपेक्षाभंग होतो.

वापराकडेही बघा. अपेक्षा कुणाकडून तरी असते. 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' या वाक्यात बोट एका माणसाकडे आहे. आशेला असा माणूस लागत नाही, 'पाऊस पडेल अशी आशा आहे' म्हणताना आपण कुणालाच बांधून घेत नाही. 'वाजवी अपेक्षा ठेवा' असं लिहिलंत तर अपेक्षा ठेवायचा हक्क मान्य करून तुम्ही फक्त मापावर घासाघीस करता आहात.

प्रतिसाद

मी एक छोटी लायब्ररी (इतर आज्ञावलींना वापरता येणारा तयार कोड) सांभाळतो. आमच्यात 'मेंटेनर'च म्हणतात. 'देखभालकर्ता' शब्द बरा आहे, पण तो इमारतीच्या गेटवर उभा असल्यासारखा वाटतो.

'हौस' शब्दाची लाज वाटू देऊ नका. मूळ अरबी 'हवस', पण मराठीत येऊन तो किती निर्मळ झाला. 'हौसेला मोल नाही' ही म्हण दोन्ही अंगांनी खरी आहे: हौसेची किंमत करता येत नाही, आणि हौसेच्या कामाला किंमत मिळत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या संगणक-प्रणालीची वर्दी दिली, तेव्हा हा केवळ छंद आहे असंच लिहिलं होतं. त्याचं पुढे लिनक्स झालं. करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ या संशोधकांनी २८७ मुक्त स्रोत प्रकल्पांतल्या ६८४ जणांना 'तुम्ही हे का करता' असं विचारलं होतं. त्यांच्या पाहणीत सगळ्यांत जोरकस ठरलेली प्रेरणा होती ती काम करताना लाभणारा सर्जनाचा आनंद. त्यातल्या बऱ्याच जणांना या कामाचा पगारही मिळत होता, हे सांगायला हवं. मुक्त स्रोत म्हणजे सगळे बिनपगारी, असं नाही.

पण हौसेचा एक विरुद्धार्थी शब्द कोशात त्या जागी सापडणार नाही: 'वेठ'. संस्कृत 'विष्टि', म्हणजे सक्तीचं बिनमोल काम, त्यावरून वेठ. फारसीतून आलेल्या 'बिगार'चा अर्थही तोच, म्हणून 'वेठबिगार' हा एकाच अर्थाचा जोडशब्द. हौस आणि वेठ, दोन्हींत पैसा नाही. फरक फक्त 'नाही' म्हणण्याच्या मुभेचा. ती गेली की तेच काम, तोच माणूस, तेच रात्रीचे अकरा, पण हौसेची वेठ होते.

याचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक्सझेड नावाचं फाइली लहान करणारं साधन आहे, ते जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. सांभाळणारा मुख्यतः एकटा. २०२२ मध्ये त्याच्यामागे काही अनोळखी नावं लागली: कामाला वेग नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. हे बिनपगारी, छंदाचं काम आहे, असं त्याने त्यांना लिहून सांगितलं होतं. त्याच सुमारास मदतीला एक 'सहकारी' पुढे आला, सौम्य, कामसू, आणि हळूहळू त्याच्या हाती अधिकार गेले. २९ मार्च २०२४ रोजी आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांनी जाहीर केलं, की ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला आहे. दूरच्या यंत्रावर शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेता घेता त्यांना तो सापडला होता. तगादा लावणारी ती नावं त्याच कटातली असावीत, असा दाट संशय आहे. ही युक्ती चालली, कारण तसा तगादा कुणालाच वावगा वाटला नाही. आम्हाला असे निरोप एरवीही येतातच.

दुसरं उदाहरण 'कर्ल' या, इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या साधनाचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांचं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मुक्त स्रोत साधनातलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं. त्यानंतर काही आठवड्यांनी एका बड्या कंपनीने त्यांना प्रश्नावली पाठवली: चोवीस तासांत उत्तरं द्या. त्या कंपनीशी त्यांचा कसलाही करार नव्हता. त्यांनी कळवलं, की मदतीचा करार करा, आनंदाने उत्तरं देतो.

'घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या' असं आम्हाला नातेवाईक म्हणतात. हा वाक्प्रचार मला खटकतो. त्यात दोष भाजणाऱ्याचा, लष्कराने काय करावं याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

प्रतिसाद

वरचं सगळं पटतं, तरी दुसरी बाजू मांडते. मला दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर मला एनव्हीडीए वाचून दाखवतं, हा प्रतिसादही त्याच्याच मदतीने लिहिते आहे. ते मुक्त स्रोत आहे. २००६ साली मायकल करन यांनी ते सुरू केलं, आणि ते स्वतः अंध आहेत. आपली अडचण आपणच सोडवणं ही प्रेरणा 'हौस' या शब्दात बसते का, मला शंका आहे.

एखाद्या आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीत बटणांची नावं वाचली जाईनाशी झाली, की माझं काम तिथेच थांबतं. तेव्हा मी लिहिते. ती अपेक्षा आहे की गरज? 'अपेक्षा' हा शब्द जुन्या वापरात गरज या अर्थानेही येतो. तो अर्थ आज मावळला आणि मागणीचा अर्थ उरला, याचं मला वाईट वाटतं.

आणि नीट नोंदवलेला दोष हाही हातभारच असतो. कुठलं बटण, कुठली आवृत्ती, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं, हे लिहायला मला दीड तास लागतो. त्याला 'तक्रार' म्हणू नका. एवढंच हवं असतं, की काम थांबलं असेल तर थांबलं असं पानावर स्पष्ट लिहावं. उशीर मी समजून घेते. मात्र नुसती शांतता असली, की थांबावं की दुसरं शोधावं तेच कळत नाही.

प्रतिसाद

आज्ञावलीच्या परवान्यातल्या हमी नाकारणाऱ्या कलमाला लिलावाच्या जाहिरातींतली शब्दयोजना चपखल बसते: 'जसे आहे, जेथे आहे'. आणि न पटल्यास 'फोर्क' करण्यासाठी, म्हणजे तीच आज्ञावली घेऊन स्वतंत्रपणे पुढे नेण्यासाठी, आपल्याकडे 'वेगळी चूल मांडणे' आहेच. ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या आज्ञावलीतून २०१० साली लिब्रेऑफिस निघालं, ती वेगळी चूलच. परवान्याने वापरणाऱ्याला दिलेला खरा हक्क हा आहे.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. 'अपेक्षा' काढून टाकला. 'पुरवली जाते' आणि 'विनामूल्य' हेही गेले. 'स्वयंसेवक' ठेवला नाही, कारण त्यातल्या 'सेवक'वरच लोक बोट ठेवतात, जरी मूळ अर्थ आपण होऊन काम करणारा असा असला तरी. 'योगदान'च्या जागी सगळीकडे 'हातभार' केला. योगदान सत्कारात शोभतं, हातभार कामात. 'मेंटेनर' तसाच ठेवला.

'हौस'बद्दल मात्र मन बदललं. एनव्हीडीएचा मुद्दा वाचल्यावर तो शब्द सगळ्यांच्या वतीने लिहिणं बरं वाटेना. माझ्यापुरती ती हौसच आहे आणि तसं सांगायला आता संकोच नाही.

आज पाठवलेली वाक्यं अशी:

'ही आज्ञावली काही माणसं आपापली कामं सांभाळून चालवतात. काही अडलं तर जरूर कळवा, नीट लिहून कळवलेला दोष हा मोठा हातभार असतो. उत्तराला काही आठवडे लागू शकतात. एखादं काम आम्ही थांबवलं, तर ते याच पानावर लिहू.'

शेवटचं वाक्य मूळ मजकुरात नव्हतं. मेंटेनरना विचारलं, त्यांनी ते मूळ पानातही घेतलं. 'चालवतात' की 'सांभाळतात', यावर मी अजून अडखळते आहे. 'सांभाळून' आधीच येऊन गेल्याने 'चालवतात' केलं, पण जीव 'सांभाळतात'वर आहे. कुणाला 'आपापली कामं सांभाळून'ला दुसरा पर्याय सुचला तर सांगा, पुढची आवृत्ती निघायच्या आत बदलता येईल.