आयर्लंडच्या बायकांना कुणी बांधलं: चर्चने की सातबाऱ्याने? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

कुळकायदा: आयरिश बायकांचा विषय निघाला की सगळं खापर चर्चवर फुटतं. मला ते अर्धवट वाटतं. 1845 पासूनच्या बटाटा-दुष्काळानंतर शेताची वाटणी थांबली. जमीन एका मुलाला, हुंडा एका मुलीला, बाकीच्यांनी परदेशची बोट पकडायची. हुंड्याची रोकड नवऱ्याच्या बापाकडे जायची आणि तिच्यातूनच बरेचदा तो स्वतःची मुलगी उजवायचा. एकच रक्कम घरोघर फिरायची! रोकड नाही त्या मुली एकट्या अमेरिकेला जाऊन मोलकरणी झाल्या. इतर देशांतून पुरुष जास्त जात. इथून बायकाही जवळपास तेवढ्याच गेल्या. पाद्र्याने या हिशोबावर फक्त पवित्र पाणी शिंपडलं.

तळटीप: सहमत नाही. डब्लिनच्या टायपिस्टचं कुठलं शेत? सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की राजीनामा सक्तीचा. नियम ब्रिटिशांच्या काळातला, पण ब्रिटनने तो 1946 मध्ये काढला. आयर्लंडने 1973 पर्यंत कवटाळला. 1935 मध्ये गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात बंद. 1937 च्या घटनेतलं कलम 41.2 म्हणतं, आर्थिक गरजेपोटी आयांना घरची कर्तव्यं टाकून कामाला जावं लागू नये यासाठी राज्य झटेल. वाचायला किती मायाळू!

कुळकायदा: शिक्षिकांचं बघा. प्राथमिक शाळांत लग्नबंदी 1934 ला आली, बेकारीत. 1958 ला उठली, कारण शिक्षक पुरेनात. पाद्री तेच, शाळाही त्यांच्याच. आणि 1965 च्या वारसा कायद्याआधी नवरा मृत्युपत्रात बायकोला काहीच न ठेवता सगळं दुसऱ्याला देऊ शकत होता. त्या कायद्याने मुलं असतील तर तिचा तिसरा हिस्सा पक्का झाला, नसतील तर निम्मा. हा सातबाराच की.

आडवाट: तुमच्या दोघांच्या भांडणात बायका कुठेच नाहीत. 22 मे 1971 ला काहीजणी आगगाडीने ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेल्या, तिथे कायदेशीर असलेली गर्भनिरोधकं आणायला. गोळ्यांना तिथेही डॉक्टरची चिठ्ठी लागते हे दुकानात कळलं. मग ॲस्पिरिन घेतल्या आणि डब्लिन स्टेशनवर त्याच नाचवल्या. कस्टमवाल्याला फरक कळणार कसा? अडवलं नाही कुणी.

तळटीप: ते मान्य. पण 41.2 अजून घटनेत आहे. त्याजागी कुटुंबात एकमेकांच्या घेतलेल्या काळजीचा उल्लेख आणणारा बदल 8 मार्च 2024 च्या सार्वमतात 73.9 टक्के मतं विरोधात जाऊन पडला. सगळ्यांना चूल प्रिय होती असं नाही. नव्या मजकुरातही राज्य नुसतं ‘झटणार’च होतं, आणि त्यावर अपंगांच्या हक्कांसाठी लढणारेच चिडले.