हॉस्पिटलिस्टची नोकरी सोडून हॉस्पिस-पॅलिएटिव्ह मेडिसिनची फेलोशिप: सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा) किंवा पॅलिएटिव्हमध्ये (गंभीर आजारातला त्रास कमी करणारे उपचार) काम करणारं कुणी असेल तर जरा मार्गदर्शन हवं आहे.

इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी झाल्यापासून मी हॉस्पिटलिस्ट आहे, म्हणजे हॉस्पिटलात दाखल झालेल्या रुग्णांना बघणारी डॉक्टर. सात दिवस काम, सात दिवस सुट्टी. ग्रीन कार्ड असल्याने व्हिसाची भानगड नाही. आता हॉस्पिस अँड पॅलिएटिव्ह मेडिसिनच्या एक वर्षाच्या फेलोशिपला (रेसिडेन्सीनंतरचं उपशाखेचं प्रशिक्षण) अर्ज करायचं जवळजवळ ठरलंय. अडचण एवढीच की वर्षभर पगार पुन्हा शिकाऊ डॉक्टरचा आणि घराचे हप्ते मात्र आत्ताचेच.

सहकारी म्हणतात, "हे तर तू रोज करतेसच, त्यासाठी वर्ष कशाला घालवतेस?" नियमाचं उत्तर सोपं आहे. २००६ मध्ये या विषयाला उपशाखेचा दर्जा मिळाला, २००८ पासून बोर्डाची (उपशाखेचं प्रमाणपत्र देणारी) परीक्षा सुरू झाली आणि नुसत्या अनुभवावर परीक्षेला बसायची सवलत २०१२ नंतर संपली. आता फेलोशिप नाही तर बोर्ड नाही. बोर्डाशिवाय हॉस्पिसमध्ये नोकरी मिळू शकते हेही खरं. (आईचा प्रश्न वेगळाच: "एवढं शिकून जाणाऱ्यांचीच डॉक्टर होणार का?" त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.)

माझं खरं कारण दुसरं आहे. मध्यंतरी आमच्या वॉर्डात किडन्या निकामी झालेले एक आजोबा होते, मॉर्फिनवर. हातापायांना सारखे झटके येत, चादर नुसती लागली तरी ओरडत. दुखणं वाढलंय असं धरून डोस चढत गेला. पॅलिएटिव्हच्या डॉक्टर आल्या, बराच वेळ पलंगाशेजारी उभ्या राहून नुसतं बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे झटके मॉर्फिनचेच आहेत." किडनीवाटे बाहेर पडायचे मॉर्फिनचे घटक अंगात साचत होते. त्यांनी ते बंद करून हिशेबाने फेंटानिल हे दुसरं ओपिऑइड (मॉर्फिनच्या वर्गातलं वेदनाशामक) लावलं. झटके ओसरले आणि आजोबा मुलीशी बोलू लागले. एका ओपिऑइडवरून दुसऱ्यावर जाताना डोस किती कमी करायचा, मेथाडोनला (याच वर्गातलं आणखी एक औषध) कधी हात घालायचा, हे मी वाचलंय. पण ते हातात बसलेलं नाही.

आता प्रोग्रॅमबद्दल. बऱ्याच ठिकाणच्या माहितीत हॉस्पिटलमधल्या कन्सल्टचाच (दुसऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांवर सल्ला देणं) बोलबाला दिसतो. ते मी थोडंफार बघतेच. मला हॉस्पिसची बाजू शिकायची आहे: रुग्णाच्या घरी जाणं, नर्सिंग होममधले डिमेन्शियाचे रुग्ण, नर्स, सोशल वर्कर आणि चॅप्लेन (आध्यात्मिक आधार देणारे) यांच्यासोबतची टीम मीटिंग. आणि मेडिकेअरचं (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) हॉस्पिससाठीचं सर्टिफिकेशन! आजार नेहमीच्या वाटेने गेला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी, असं लिहून देणं कॅन्सरमध्ये त्यातल्या त्यात जमतं. हार्ट फेल्युअर किंवा डिमेन्शियात कशाच्या भरवशावर लिहायचं? या सर्टिफिकेशनचे पहिले दोन टप्पे ९० दिवसांचे, पुढचे ६० चे, तिसऱ्या टप्प्याआधी समोरासमोर तपासणी, हे सगळं पाठ आहे. पण तब्येत स्थिरावली म्हणून हॉस्पिसमधून नाव काढावं लागतं, तेव्हा घरच्यांना काय सांगतात? ते कुणाच्या तरी मागे उभं राहून बघायचंय.

तर इंटरव्ह्यूत नेमकं काय विचारू, म्हणजे घरभेटी खरंच होतात की कागदावरच आहेत ते कळेल? सध्याच्या फेलोला एकटं गाठून विचारलं तर चालतं ना?

अर्ज जुलैच्या सुमारास आणि मॅच (कुणाला कुठला प्रोग्रॅम मिळाला त्याचा निकाल) डिसेंबरच्या सुरुवातीला, इथवर माहीत आहे. रेसिडेन्सी सोडून वर्षं झाल्यावर जुन्या प्रोग्रॅम डायरेक्टरच्या पत्राला किती वजन असतं, की वर सांगितलेल्या डॉक्टरांचंच पत्र पुढे करू? बोर्डाची परीक्षा सम वर्षीच होते. विषम वर्षी फेलोशिप संपली तर मधल्या वर्षात नोकरी देताना कुणी खळखळ करतं का?

शेवटचं, पैशाचं. मूनलाइटिंगचे (फेलोशिप करताना पैशासाठी केलेल्या जादा शिफ्टचे) तास आठवड्याच्या ८० तासांच्या मर्यादेतच धरतात, ते ठीक. पण महिन्यातून एखादा वीकेंड हॉस्पिटलिस्टच्या शिफ्ट करू देणारे प्रोग्रॅम खरोखर आहेत का? आणि नोकरी सांभाळून, जास्त काळ घेऊन फेलोशिप पुरी केलेलं कुणी इथे असेल, तर कृपया सविस्तर लिहा.