गच्चीवरचं डाळिंब खारी सोडत नाहीत, काय करू?

प्रश्न (पुणे):
ड्रममध्ये डाळिंब लावलंय. रंग चढला की खार देठाजवळ भोक पाडते, दाणे फस्त करते आणि पोकळ साल फांदीला लटकत राहते. कापडी पिशव्या बांधल्या, तर त्या कुरतडून चिंध्या घरट्यात नेल्या. विष किंवा चिकट सापळा अजिबात नको. खारी मला हव्याच आहेत, पण आईच्या वाटीतही दाणे पडायला हवेत!

उत्तर १:
कापड टिकणारच नाही. हार्डवेअरवाल्याकडून डासांची स्टीलची जाळी आणा, फळ लिंबाएवढं असतानाच तिची सैल पिशवी चढवा आणि देठाशी तारेने आवळा. वारा खेळता राहतो.

उत्तर २:
कृपा करून अख्ख्या झाडावर नायलॉनची जाळी टाकू नका. आमच्याकडे तीत धामण अडकली होती. सर्पमित्राने एकेक धागा कापून सोडवली, खवल्यांत रुतले होते बिचारीच्या.

उत्तर ३ (रत्नागिरी):
चिकू कडक असतानाच उतरवून घरात पिकवता येतो. डाळिंब तोडल्यावर पिकत नाही, म्हणून ते झाडावरच राखायला हवं. नारळाच्या खोडाला आम्ही गुळगुळीत पत्रा गुंडाळतो, पण शेजारच्या माडाच्या झावळ्या टेकत असतील तर खार वरून येतेच. तुमच्या ड्रमजवळ कपड्यांची दोरी किंवा केबल आहे का? आधी ती हलवा.