बाहुलीघरातली दिवाळी: आकाशकंदील, पणत्या आणि रांगोळी प्रमाणात कशा कराव्यात?

प्रश्न – काडीपेटी

माझ्या आठ वर्षांच्या भाचीकडे प्लायवूडचे दुमजली बाहुलीघर आहे. त्याचे प्रमाण १:१२, म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच असे आहे. नाताळचे झाड, माळा, मोजे असे तयार संच सहज विकत मिळतात, पण दिवाळीचे काही मिळाले नाही, म्हणून मी स्वतः करायला घेतले. दीड फुटी पारंपरिक कंदील धरून बाहुलीचा कंदील दीड इंचाचा केला. मापे बरोबर असूनही तो पतंगाचा कागद डकवलेल्या खोक्यासारखा दिसतो आणि झिरमिळ्या खाली न लोंबता खराट्यासारख्या ताठ उभ्या राहतात. रांगोळी घातली, तर मीठ सांडल्यासारखे वाटते. घरात तिचा दोन वर्षांचा भाऊही असल्यामुळे खरी ज्योत वापरायची नाही. माझे नेमके कुठे चुकत असावे?

प्रतिसाद – सुईदोरा

आपण लांबी-रुंदी बारापट कमी केलीत, जाडी मात्र खऱ्या वस्तूचीच ठेवलीत. खऱ्या कंदिलाची कामटी पाच-सहा मिलिमीटर जाड असते, म्हणजे आपल्याला अर्ध्या मिलिमीटरची हवी. त्यासाठी उदबत्तीची जळून उरलेली काडी ब्लेडने उभी चिरून तिचे तीन-चार भाग करावेत. तो बांबूच असल्याने रंग आणि रेषाही खऱ्या कामटीसारख्या दिसतात. सांगाड्याचे सांधे दोऱ्याने बांधू नका, कारण प्रत्येक गाठ डोळ्यांत खुपते. सुईच्या टोकाने फेव्हिकॉलचा ठिपका लावला की पुरते.

पतंगाचा कागद इथे पुठ्ठ्यासारखा वागतो. रंगीत पेपर नॅपकिनचे पदर सुटे करून त्यातला एकच वापरावा. झिरमिळ्या ताठ राहतात, कारण एवढ्याशा पट्टीला स्वतःच्या वजनाने वाकण्याइतके वजनच नसते. नॅपकिनच्या पदराच्या दीड मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा हलका हात फिरवा आणि पेन्सिलीवर किंचित वळण देऊन वाळू द्या. वाऱ्याने हलल्यासारख्या दोन-तीन वाकड्या राहिल्या, तर त्या तशाच असू द्याव्यात.

रांगोळीचेही तेच आहे. तिचा एकेक कण बाहुलीच्या मापाने बाजरीच्या दाण्याएवढा होतो, त्यामुळे भुकटी कितीही चाळली तरी उपयोग नाही. बारीक सँडपेपरचा दोन इंचांचा चौकोन गेरूने रंगवून त्यावर दाट पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे ठिपके सुईने, दोन-दोन मिलिमीटरवर द्यावेत. ठिपके वाळल्यावर मग रेषा जोडाव्यात.

प्रतिसाद – वातपणती

वरील सगळे पटले, फक्त दिव्यांविषयी लिहितो. खरी पणती सहा-सात सेंटिमीटरची असते, म्हणून आपली पाच-सहा मिलिमीटरची होईल. एवढ्या लहान आकारात मातीला चिरा जातात, त्यामुळे मी एम-सील वापरतो. हातमोजे घालून आणि मुले जवळ नसताना त्याची ज्वारीएवढी गोळी करावी, मोत्याच्या डोक्याच्या टाचणीने मध्ये खळगा पाडावा आणि नखाने चोच काढावी. वाळल्यावर गेरूचा रंग द्यावा. आत पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब टाकला की तेल भरल्यासारखे दिसते.

ज्योतीसाठी मी पहिल्या वर्षी तांदळाची कणी केशरी रंगवून चिकटवली होती. सगळे डबीत जपून ठेवले आणि पुढच्या दिवाळीला उघडले, तर किड्यांनी त्याचे पीठ केलेले! तेव्हापासून धान्य वर्ज्य. काचेचा लांबट केशरी मणी चांगला दिसतो.

कंदिलात तांब्याच्या तारेच्या माळेतला, पिवळसर उजेडाचा एकच एलईडी पुरेल. त्यावर पिवळे नेलपॉलिश लावा, नाहीतर बाहुलीच्या ओसरीत हॅलोजन लावल्यासारखे होते. तीन पेन्सिल सेलच्या ४.५ व्होल्टवर हा दिवा लावताना मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर घालावा. दिव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि उरलेल्या दीड व्होल्टमुळे त्यातून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह जातो. बटण सेल मात्र मुळीच वापरू नका. लहान मुलाने तो गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. पेन्सिल सेलची पेटीसुद्धा स्क्रूने बंद होणारीच घ्यावी.

प्रतिसाद – जुना मावळा

अंगणात किल्ला नाही, ही दिवाळी कसली? मुले करतात तो तीन फुटी किल्ला आपल्या मापात तीन इंचांचा होतो. थर्माकोलच्या तुकड्यावर फेव्हिकॉल लावून चहाचा चोथा धुऊन, पूर्ण वाळवून भुरभुरवा, हुबेहूब माती दिसते. अळीव पेरल्याची हिरवळ हवी असेल, तर लाकडाचा भुसा हिरवा रंगवावा. तीन इंची मावळा इथे सहा मिलिमीटरचा होतो, तेव्हा नाकडोळे काढत बसू नये. फेट्याचा एक रंगीत ठिपका आणि अंगरख्याचा एक, एवढ्यावर तो ओळखू येतो. हे काम भाचीकडे द्या. किल्ला थोडा ओबडधोबडच खरा वाटतो.

काडीपेटी

सर्वांचे मनापासून आभार. उदबत्तीची काडी चिरून पाहिली. पहिल्या तीन मोडल्या, चौथी रात्रभर पाण्यात भिजवल्यावर सरळ चिरली गेली. बटण सेलवर चालणारी माळ आणली होती, ती दुकानात परत केली. भाचीने किल्ल्याचा ताबा घेतला असून, बाहुलीच्या दाराशी जागा न उरल्यामुळे रांगोळी आता जिन्याखाली काढावी लागणार आहे.