ग्रोथ फॅक्टर : ‘वाढीचे घटक’ की ‘वृद्धिकारक’?

प्रश्न : स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या पालकांसाठी एका लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात ‘ग्रोथ फॅक्टर’ पानोपानी येतो. मी ‘वाढीचे घटक’ लिहिलं. मसुदा वाचून एका आईने विचारलं, “हे घटक कशातून मिळतात? काय खायला द्यायचं?” शब्द चुकला का?

उत्तर : चुकला असंच म्हणेन. संस्कृतात ‘घटक’ म्हणजे घडवून आणणाराही, पण आज ‘अन्नघटक’ म्हणताना मिसळलेला भाग एवढाच अर्थ उरतो. त्या आईने तोच घेतला. ग्रोथ फॅक्टर ही मुख्यतः शरीरातल्या पेशींनीच तयार केलेली प्रथिनं. ती दुसऱ्या पेशीवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतात आणि वाढ, विभाजित हो, तग धर असा निरोप देतात. म्हणून ‘वृद्धिकारक’ बरं. लॅटिनमध्ये ‘फॅक्टर’ म्हणजे करणाराच.

आणखी एक मत : वृद्धिकारक पटतं. फक्त ‘वृद्धिसंप्रेरक’ म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, ते वेगळं, हे एकदा सांगून टाका. मला अडतं ते बीडीएनएफ (ब्रेन-डिराइव्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर) या वृद्धिकारकापाशी. १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळं केलेलं हे प्रथिन चेतापेशींना जगवतं, त्यांच्यातले जोड पक्के करतं. ‘न्यूरोट्रॉफिक’साठी ‘चेतापोषक’ शब्द अर्थाने नेमका, पण ‘पोषक’ म्हटलं की वाचक पुन्हा खाण्याकडेच वळणार. बीडीएनएफच राहू द्या.

प्रश्नकर्ती : ठीक. मग ‘वृद्धिकारकांमुळे होणारी स्वमग्नता’ हे शीर्षक चालेल?

उत्तर : नाही, कृपा करून ते ‘मुळे’ काढा. ‘कारक’ शब्दातच कारणाचा भास आहे, त्यावर ‘मुळे’ आलं की शिक्कामोर्तब झालं. अनेक अभ्यासांत स्वमग्न मुलांच्या रक्तात बीडीएनएफ सरासरीने जास्त आढळलं, काहींत फरक दिसला नाही किंवा उलट दिसलं. शिवाय रक्तातलं बीडीएनएफ बहुतांशी बिंबाणूंमध्ये (प्लेटलेट्समध्ये) साठलेलं असतं; त्यावरून मेंदूत काय चाललंय हे थेट कळत नाही. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या आईबापांच्या हाती हा मजकूर जाणार आहे. त्याऐवजी ‘वृद्धिकारकांची भूमिका’ म्हणणंही मला जड वाटतं, कारण ती असल्याचं गृहीत धरल्यासारखं होतं.

प्रश्नकर्ती : बदललं. ‘वृद्धिकारक आणि बालपणातील स्वमग्नता : काही संबंध असेल का?’ आणि पहिल्याच परिच्छेदात घातलं, ‘ही प्रथिनं आपलं शरीर स्वतः तयार करतं.’